सकाळी बंद पडणारी टॅक्सी

आमच्या गॅरेजात नवीन आलेला माणूस आधी माझ्याकडे बघतो, मग माझ्या मागे बघतो आणि विचारतो, मिस्त्री कुठेत. मिस्त्री म्हणजे माझा नवरा. तो बहुतेक वेळा कुठल्यातरी गाडीखाली आडवा असतो आणि त्याचे फक्त पाय दिसतात. मी त्या पायांकडे बोट दाखवते आणि सांगते की नटबोल्टचं काम असेल तर तिकडे, करंटचं असेल तर इथेच बोला. काही लोक तरीही पायांशीच बोलायला जातात. त्यांचं मी मनावर घेत नाही, असं म्हणायला मला आवडलं असतं.

परळच्या या गल्लीत आमचे दोन गाळे शेजारी शेजारी आहेत. एकात नवऱ्याचं गॅरेज, दुसऱ्यात माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली, त्यामुळे लग्नानंतर घरात बसण्याचा प्रश्न नव्हता. मग पाठीला कुबड असलेले जुने टीव्ही गेले आणि भिंतीवरचे चपटे आले. ते बिघडले की लोक दुरुस्त करत नाहीत, नवीन घेतात. दुकानात माश्या मारायची वेळ आली तेव्हा मी माझा ऑसिलोस्कोप उचलला आणि मधली भिंत ओलांडून नवऱ्याच्या गाळ्यात गेले. त्यालाही बरं वाटलं, निदान त्याने तसं दाखवलं.

ऑसिलोस्कोप म्हणजे विजेची हालचाल रेघ काढून दाखवणारा पडदा. दवाखान्यात छातीला वायरी लावून हृदयाचा कागद काढतात, त्यातलाच प्रकार. पेट्रोलच्या किंवा गॅसच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये एक प्लग असतो आणि त्यावर ठिणगी पडली की आतलं मिश्रण पेटतं. ठिणगीकडे जाणाऱ्या वायरीला चिमटा लावला की पडद्यावर एक उंच काटा उभा राहतो, त्याच्यापुढे एक छोटी आडवी रेघ येते आणि मग लाटा विरत जातात. काटा सांगतो की ठिणगीला उडी मारायला किती जोर लागला. आडवी रेघ सांगते की ती किती वेळ जळली आणि आतलं मिश्रण कसं आहे. गॅस कमी आणि हवा जास्त झाली तर काटा उंच जातो आणि रेघ वर चढायला लागते. माझा चिमटा मी कपडे वाळत घालायच्या चिमट्याला तांब्याचा पत्रा लावून घरीच केलेला आहे. त्यावरून नवऱ्याने पहिले काही महिने पुष्कळ करमणूक करून घेतली.

त्याची पद्धत वेगळी. तो इंजिनाचा आवाज ऐकतो, मान हलवतो आणि म्हणतो, हे बदलून बघू. मग ते बदलून बघू. मी म्हणते, बघायचं आधी आणि बदलायचं नंतर. आमची सगळी भांडणं या एका वाक्याची आहेत, घरची धरून.

ती मुलगी आली तेव्हा आम्ही असेच भांडत होतो. मुलगी म्हणजे असेल अठ्ठावीस-तिशीची, खाकी शर्ट, केस घट्ट बांधलेले. काळी-पिवळी टॅक्सी तिने एका दमात उलटी घेऊन आमच्या दारात लावली. गल्लीत दोन्ही बाजूंना स्कूटर उभ्या असताना तशी गाडी लावणं सोपं नाही. नवरा गाडीखालून बाहेर आला आणि तिच्या मागे बघू लागला. मला बरं वाटलं की दर वेळी मीच एकटी नसते.

तिचं म्हणणं असं होतं. टॅक्सी वडिलांची. वडील गेल्या वर्षी गेले. भाऊ नाही, आई घरीच असते, म्हणून हिने परवाना-बिल्ला काढला आणि गाडी हातात घेतली. लालबागच्या चाळीतून सकाळी निघायचं, इस्पितळांकडे जाणारी माणसं मिळतात, त्यांना सोडायचं, हा तिचा क्रम. आणि नेमकी तेव्हाच गाडी त्रास द्यायची. चाळीच्या गल्लीतून बाहेर पडली की झटके, सिग्नलला बंद, पुलाच्या चढावर बंद. मागे पेशंट बसलेला आणि मागच्यांचे हॉर्न. तासाभराने गाडी शहाण्यासारखी चालायला लागायची आणि दिवसभर तक्रार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच.

मेकॅनिककडे न्यायची ती दुपारी. दुपारी गाडीत काही सापडायचं नाही. तरी एकाने प्लग बदलले, दुसऱ्याने वायरी, तिसऱ्याने कॉइल आणि वर डिस्ट्रिब्युटरची कॅपसुद्धा. शेवटी सगळ्यांचं एकमत झालं की गाडी ठीक आहे, हिलाच क्लच सोडायला जमत नाही. त्याच चाळीत त्याच मजल्यावर तिचा चुलता राहतो. त्याचं मत आणखी पुढचं होतं. तो म्हणे की भावाच्या हातात एवढी वर्षं गाडी कधी खोकली नाही, हिचाच पायगुण. त्याने गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं. ते रविवारी गाडी बघायला येणार होतं. आई काही बोलत नव्हती आणि घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं.

"काकी, एक खरं सांगा," ती मला म्हणाली. "दुपारी बघून तुम्हाला पण काही नाही सापडलं तर मी देऊन टाकते गाडी. आता मलाच वाटायला लागलंय, माझ्याच हातात काहीतरी आहे."

पायगुण हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. पायाने फार तर ॲक्सिलरेटर दाबला जातो. मी तिला म्हटलं की गाडी लाव इथे आणि चहा घे.

बॉनेट उघडलं. इंजिन स्वच्छ होतं, वडिलांनी जपलेलं कळत होतं. डिस्ट्रिब्युटर म्हणजे ठिणगी वाटून देणारा डबा. त्याच्या काळ्या कॅपमधून मधली एक वायर ठिणगीचा जोर तयार करणाऱ्या कॉइलकडे आणि बाकीच्या चार प्रत्येक प्लगकडे जातात. कॅपवर कुंकवाचे लाल डाग होते. त्याचं कुणालाच नवल वाटलं नाही. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्यांच्या इंजिनावर दसऱ्याचं हळदकुंकू असतं, कुठे झेंडूची पाकळी चिकटलेली, कुठे अक्षता. रेडिएटरमधून तांदळाचे दाणे काढणं हे तर नवऱ्याचं नेहमीचं काम. मी मधल्या वायरीला चिमटा लावला आणि इंजिन सुरू केलं. चार काटे एका उंचीचे, ओळीत उभे. चारही रेघा सपाट. नवऱ्याला गॅसच्या किटवर संशय होता, मिश्रण बिघडलं असेल म्हणून तो स्क्रू फिरवायला टपलेलाच होता. मी त्याला रेघ दाखवली आणि स्क्रूपासून लांब राहायला सांगितलं.

मग मी म्हटलं, आज गाडी इथेच राहू दे, सकाळी थंड इंजिन बघू. सकाळी ती आली. मी चिमटा लावला, तिने चावी फिरवली आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. पुलावर नेऊन आणली. एक झटका नाही. नवरा माझ्याकडे बघेना, मी त्याच्याकडे बघेना. दोघांनाही तेच सुचलं होतं जे आधीच्या मेकॅनिकांना सुचलं होतं. आणि मुलीचा चेहरा असा झाला की त्यापेक्षा गाडी बंद पडली असती तर बरं. दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीतून तिचा फोन आला. गाडी गल्लीच्या तोंडाशीच बंद पडली होती.

मला त्या फोनने उलट हुरूप आला. आमच्या दारात रात्रभर उभी राहिली की ठीक आणि चाळीच्या दारात उभी राहिली की बंद. चालवणारी तीच, गाडी तीच. म्हणजे गोष्ट चालवणारीची नाही, चाळीच्या दारातली आहे. हे मी नवऱ्याला समजावलं. तो म्हणाला की चाळीत मांजरं असतील, वायरीवर मुतत असतील. हा अंदाज अगदीच टाकाऊ नव्हता, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

शनिवारी उजाडता उजाडता मी लालबागला पोचले. पिशवीत हातात मावणारा, बॅटरीवर चालणारा स्कोप, चिमटे आणि टॉर्च. चाळीत पाणी आलं होतं, त्यामुळे सगळी चाळ जागी. गॅलऱ्यांमधून बादल्यांचा आवाज चाललेला. टॅक्सी खाली गल्लीत भिंतीला लावून उभी होती. मुलगी खाली येऊन थांबलेली. मी तिला बजावलं की काही पुसायचं नाही, हात लावायचा नाही, रोज जशी सुरू करतेस तशी कर. अर्धवट उजेडात मी एक चिमटा मधल्या वायरीला लावला आणि दुसरा पहिल्या सिलिंडरच्या वायरीला, म्हणजे पडद्यावर मोजायला कुठून सुरुवात करायची ते कळतं.

गाडी सुरू झाली आणि लगेच लंगडायला लागली. मी पडद्याकडे बघितलं. पहिला काटा उंच. दुसरा अर्ध्यावरच बसलेला, आणि त्याच्यापुढची रेघ करवतीसारखी दातेरी. मग दोन काटे नीट. पुन्हा पहिला उंच, दुसरा बुटका. खरं सांगते, मला आनंद झाला. लोकांना लॉटरी लागल्यावर होत असेल तसा. मी तिला हाक मारून पडदा दाखवला आणि सांगितलं की हा बुटका आहे ना, त्याची ठिणगी प्लगपर्यंत पोचतच नाही, मधेच कुठून तरी निसटते. तुझा क्लच पायाखाली आहे, इथे वर येऊन ठिणगी चोरत नाही. ती पडद्याकडे बघत राहिली. मग तिने दोन्ही हातांनी तोंड पुसलं, घाम आल्यासारखं, पण हवेत गारवा होता.

ठिणगी पडण्याचा क्रम ठरलेला असतो. त्या इंजिनात पहिल्यानंतर तिसऱ्या सिलिंडरचा नंबर लागतो. मी गाडी बंद करायला सांगितली, टॉर्च लावला आणि तिसऱ्या प्लगपासून वायरीच्या मागे मागे डिस्ट्रिब्युटरच्या कॅपपर्यंत आले. तिथे तिसऱ्या वायरीच्या बुडाशी लाल होतं. तेच कुंकू. मी बोट लावलं आणि बोट लाल झालं.

दसरा होऊन कितीतरी महिने झाले होते. दसऱ्याचं कुंकू बोटाला लागत नाही, ते वाळून चिकटलेलं असतं. हे ओलं होतं. कॅपवर पाण्याचे थेंब होते आणि एक तुळशीचं पान वायरीत अडकलं होतं. ओल्या कुंकवाच्या वाटेने ठिणगी इंजिनाच्या अंगावर उतरत होती, प्लगपर्यंत जायची तिला गरजच नव्हती. तासाभरात इंजिन तापलं की सगळं वाळायचं आणि गाडी सुधारायची. आमच्या दारात रात्र काढली त्या सकाळी कुंकू लावायला कुणी नव्हतं. आणि मी त्या दुपारी ते डाग या डोळ्यांनी बघितले होते, पण कुंकू हा काही बिघाड आहे असं आपल्या मनात येत नाही.

मी जरा चढ्या आवाजातच विचारलं की हे रोज कोण लावतं. मुलगी म्हणाली की कोणी नाही. तेवढ्यात तिची आई माझ्यासाठी चहा घेऊन जिना उतरत होती. लहानखुरी बाई, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, कपाळ मोकळं. तिने माझं लाल बोट बघितलं आणि चहाचा पेला पायरीवर ठेवला.

"मी लावतंय," ती म्हणाली.

मुलगी एकटी गाडी घेऊन निघाली त्या पहिल्या दिवसापासून ती लावत होती. मुलगी आंघोळीला गेली की ही दुसरी चावी घेऊन खाली यायची, बॉनेट उघडायची, देवाचं पाणी शिंपडायची आणि कुंकू लावायची. बॉनेट उघडताना तिने तिच्या नवऱ्याला वर्षानुवर्षं बघितलं होतं. कुंकू तिथेच का, तेही तिने सांगितलं. तो एकदा तिला म्हणाला होता की हा काळा डबा म्हणजे गाडीचं डोकं, इथून सगळ्यांना हुकूम जातो. म्हणून तिने डोक्याला लावलं. माणसाने बरोबरच सांगितलं होतं.

मुलीने ऐकून घेतलं. मला वाटलं आता ही ओरडेल. तिच्या जागी मी असते तर ओरडलेच असते, कारण प्लग, वायरी, कॉइल, सगळं विनाकारण बदललं गेलं होतं आणि एक मुलगी स्वतःच्या हातापायांवरचा विश्वास घालवून बसली होती. पण ती हळूच बोलली.

"आई, सगळे बोलत होते मला चालवायला येत नाही. तू ऐकत होतीस ना?"

आई पायरीवर बसली. तिने ऐकलं होतं, म्हणूनच ती रोज जास्त लावत होती. जितके झटके, तितकं कुंकू. हे तिने मान खाली घालून सांगितलं आणि मला कसंसंच झालं. मी विषय सोपा करायला गेले. म्हटलं, अहो ताई, एवढंच ना, मग बाहेर बॉनेटवर लावायचं, सगळे लावतात, त्याने गाडीला काही होत नाही. आत कशाला जायचं.

तिने एकदा वर गॅलऱ्यांकडे बघितलं. पाणी भरणाऱ्या बायका कठड्याला टेकून खाली बघत होत्या. चुलता दात घासत उभा होता, ब्रश तोंडातच.

"भायर कसा लावू?" ती म्हणाली. "मी लावलेला कुंकू कोणाक चालतला?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. नवरा गेल्यावर या बाईच्या हातचं कुंकू चाळीला नको होतं. हळदीकुंकवाला बोलावणं बंद, कुणाच्या नव्या वस्तूला हात लावणं बंद. आणि मुलगी रोज रस्त्यावर गाडी घेऊन जाते आहे, तिच्यासाठी देवाकडे काहीतरी करायला तर हवं. मग तिने अशी जागा शोधली जिथे कुणाला दिसणार नाही. मला राग आला. कुणावर ते नीट ठरवता येईना, पण माझ्या कपाळावरची टिकली मला त्या क्षणी नकोशी झाली.

मुलीने आईच्या हातात जुनं फडकं दिलं नाही, मला दिलं. मी कॅप पुसली, वाळवली, चिमटे पुन्हा लावले. गाडी सुरू केली. चार काटे एका उंचीचे उभे राहिले. मी चुलत्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं की गाडीत दोष नाही, चालवणारीत तर मुळीच नाही, उद्या गिऱ्हाईकाला यायची तसदी देऊ नका. ब्रश तोंडात असताना बोलता येत नाही, हे त्याचं नशीब.

मुलीने बॉनेट खाली ओढलं आणि दाबून बंद केलं. मग ती वर गेली आणि देव्हाऱ्यातला कुंकवाचा करंडा घेऊन खाली आली. तो तिने आईसमोर धरला.

"आता इथं लाव," ती म्हणाली आणि बॉनेटवर हात ठेवला.

आई उठली नाही. वर बादल्यांचा आवाज थांबला होता. मुलगी करंडा धरून तशीच उभी राहिली, गाडी चालू, सकाळची भाडी निघून चाललेली. ती घाई करेना. शेवटी आईने गुडघ्यावर हात टेकला आणि ती उठली. बोट कुंकवात बुडवलं, पहिल्यांदा अगदी लहान टिळा काढला, बघणाऱ्याला दिसेल न दिसेल एवढा. मग तिने वर गॅलरीकडे बघितलं, पुन्हा करंड्यात हात घातला, आणि त्याच टिळ्यावर चार बोटांनी मोठा टिळा काढला, वरच्या मजल्यावरून दिसेल एवढा.